जंतुनाशकाच्या बाटलीतले जंतू

धुळ्याच्या ज्या दवाखान्यात मी नोकरीला होते, तिथे एका महिन्यात सिझेरियन झालेल्या चार बायकांचे टाके पिकले. चौघींच्या जखमेतून हिरवट पू यायचा आणि वॉर्डभर गोडसर, शिळा वास भरून राहायचा. राउंडला आलेले डॉक्टर प्रत्येकीच्या खाटेपाशी उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "गावाकडून येतात, अंघोळी करत नाहीत, मळके कपडे पोटाला गुंडाळतात. मग पिकणारच!"

मी मागे ट्रे धरून उभी असायची.

चौथी पारोळ्याजवळच्या खेड्यातली, पहिलटकरीण, विशीतली पोर. डॉक्टरांचं बोलणं तिच्या सासूने फारच मनावर घेतलं. सुनेच्या अंगाला घाण आहे म्हणून तिने बाळ स्वतःच्या मांडीवर ठेवलं आणि वाटी-चमच्याने वरचं दूध पाजायला लागली. इकडे सुनेची छाती दुधाने दगडासारखी झालेली, आणि हाताच्या अंतरावर बाळ रडतंय.

एका सकाळी मी ड्रेसिंग करत असताना पोरीने माझं मनगट धरलं. "सिस्टर, बठ्ठा कपडा मी गरम पानीमा धोयात. मनी काय चूक शे?"

"धुतलेस ना सगळे कपडे, मग तुझी काही चूक नाही गं," मी म्हटलं आणि कापसाचा बोळा जंतुनाशकात बुडवून तिची जखम पुसली.

त्याच दुपारी जंतुनाशकाची बाटली भरायला घेतली. गेली सहा वर्षं ती मीच भरत होते. तळाशी उरलेलं तसंच ठेवायचं, त्यावर नवं औषध, त्यावर नळाचं पाणी. आल्या आल्या मला असंच दाखवलं होतं आणि मीही पुढच्यांना असंच दाखवलं. बाटली धुऊन, उकळून, कोरडी केल्याचं एकदाही आठवेना. त्या दिवशी आत बोट घातलं तर बुळबुळीत थर लागला. बोट नाकाशी नेलं. तोच गोडसर वास.

कुणाला न विचारता मी बाटलीतला नमुना लॅबला पाठवला. तीन दिवसांनी तिथल्या तंत्रज्ञाने मला बोलावलं आणि दोन रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले, एक त्या पोरीच्या जखमेतल्या पुवाचा, आधी आलेला, आणि दुसरा बाटलीचा. "सिस्टर, जखमेत जो जंतू आहे, तोच बाटलीत आहे."

रोज सकाळी साफ करते म्हणून मी त्या बायकांच्या पोटात जंतू सोडत होते!

रिपोर्ट घेऊन डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी वाचला, घडी घातली आणि खिशात ठेवला. "बाटल्या आजच बदला. आणि हे बाहेर जाता कामा नये."

"त्या बायकांना काय सांगायचं, सर?"

"त्यांना काय कळतंय?"

संध्याकाळच्या राउंडला वाटलं, निदान स्वच्छतेचं ते भाषण तरी थांबेल. थांबलं नाही. त्याच पोरीच्या खाटेपाशी, तेच शब्द, तोच आवाज. बाटली भरणारी मी होते हे मान्य, पण सगळं कळल्यावरही हा माणूस तिलाच घाणेरडी म्हणत होता. मी ट्रे टेबलावर आपटला.

"तिची चूक नाही," मी सासूला म्हटलं. "औषधाची आमची बाटलीच घाण होती. ती मी भरली होती. सुनेला बोल लावू नका."

डॉक्टर निघून गेले. म्हातारी माझ्याकडे वळून म्हणाली, "मंग तुम्ही आम्हले काबर बोलनात?"

मग आम्हाला का बोल लावलेत, एवढंच तिचं विचारणं. तिने उठून बाळ सुनेच्या कुशीत ठेवलं. पण इतक्या दिवसांत दूध आटत आलं होतं, बाळ चोखायचं आणि चिडून रडायचं. पोर त्याला थोपटत राहिली, माझ्याकडे तिने मान वळवून पाहिलंसुद्धा नाही.

बाटल्या बदलल्यावर नवीन कुणाचे टाके पिकले नाहीत. त्या पोरीची जखम मात्र पुन्हा शिवावी लागली. मला मेमो मिळाला: रुग्णांसमोर दवाखान्याची बदनामी केली. माझी बदली केस पेपर काढायच्या खिडकीवर झाली. डॉक्टरांना कुणी काही विचारलं नाही. ते अजून राउंड घेतात, आणि केस पेपर घ्यायला आलेल्या खेड्यातल्या बायका मला विचारतात, "डॉक्टर चांगला शे ना, अक्का?"