ड्रमकॅराची पेटी

कोलमन हेशन निवडणुकीत पडेल, असं त्याच्या बहिणीच्या, अट्रॅक्टाच्या, कधी मनातही आलं नव्हतं.

घरच्या दुकानाच्या मागच्या खोलीत ती दर शनिवारी बसायची. कुणाचं पेन्शन अडलेलं, कुणाचा रस्ता खचलेला. ती ऐकून घ्यायची आणि भावाच्या मागे लागायची. आयर्लंडमधल्या मेयोच्या त्या किनाऱ्यावर कुणी गेलं की ही भावंडं दफनाला हजर, मग अंगात ताप का असेना. जाळी विणणाऱ्याचा हा मुलगा आधी कौन्सिलात, मग डब्लिनला संसदेत गेला आणि शेवटी मासेमारी मंत्री झाला, तो असा मयतांना जाऊन जाऊन. हसू नका, तिकडे राजकारण असंच चालतं. अट्रॅक्टानं लग्न केलं नाही. भावाची खुर्ची हाच तिचा संसार, आणि आज तोच डळमळत होता.

शाळेच्या हॉलमध्ये मोजणी चालली होती. मतपत्रिकेवर आवडीच्या क्रमानं एक, दोन, तीन लिहायचं. दर फेरीला सगळ्यांत खालचा बाद आणि त्याची मतं पुढच्या पसंतीला. पक्षाचे उमेदवार दोन, कोलमन आणि तरणा रोनन लॅव्हिन. "मी काय, बसल्या जागी निवडून येतो," म्हणत कोलमननं आपल्या ड्रमकॅरा गावाला निरोप धाडला होता, यंदा पहिली पसंती रोननला द्या. तो मोठेपणा आता अंगाशी आला होता. रोनन वर होता आणि कोलमन तळाला.

कठड्यावर ओणवून मतं टिपणारा शेजारचा पॅकी डर्कन तिच्याजवळ आला. त्याला तिच्या तोंडाकडे बघवेना.

"फेरमोजणी मागा," ती म्हणाली.

"झाली की. आठ मतं कमी पडतायत."

"आठ? अख्खं गाव काय झोपलं होतं?"

"गावानं शब्द पाळला, अट्रॅक्टा. सगळ्यांना वाटलं, मंत्र्याला काय धाड भरलीय. आपल्या गावच्या पेटीत त्याला पहिल्या पसंतीचं एकच मत निघालं."

तेवढ्यात अधिकाऱ्यानं व्यासपीठावरून कोलमन बाद झाल्याचं वाचून दाखवलं. लॅव्हिनच्या प्रचारातल्या पोरांनी रोननला खांद्यावर घेतलं आणि हॉल दणाणून गेला.

कोलमन गर्दीतून वाट काढत आला. चेहरा पांढराफटक, पण हसत होता.

"पॅकीनं सांगितलं. एकच मत." त्यानं तिचा हात धरला. "मी स्वतःसुद्धा रोननलाच दिलं. म्हणजे ते तुझं. लहानपणापासून तू माझं एक तरी ऐकलंयस का?"

आयुष्यात एकदाच तिनं त्याचं ऐकलं होतं, ते परवा, मतपत्रिकेवर. रोननपुढे एक, कोलमनपुढे दोन, ठसठशीत. तिला ओक्साबोक्शी रडावंसं वाटलं.

"असल्या बाबतीत तुझं कोण ऐकणार?" ती म्हणाली, आणि हात सोडवून न घेता त्याला दाराकडे घेऊन निघाली.