औषधासाठी थांबलेली आजी

वय विचारलं की आजी डोळे बारीक करून हसायची. "मना मरायचा ध्यानातच नाय राहिला," म्हणायची. मग पुरावा म्हणून सांगायची की नवी नवरी असताना तिनं जव्हारच्या बाजारात राजाची मोटर पाहिली होती आणि भोंगा वाजल्यावर डोक्यावरची टोपली टाकून पळाली होती. अशी म्हातारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मरणाची थट्टा करणारी, कारण घरातली बाकीची मरणं त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली असतात. आजीनं आपली सगळी मुलं पोचवली होती. उरली होती एक नात.

तिचं घर खोडाळ्याच्या वर एका पाड्यावर. मी जव्हारच्या एका खासगी लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते. शहरातल्या एका कंपनीसाठी आम्ही म्हाताऱ्यांचं रक्त गोळा करत होतो. नव्वदीतही धडधाकट असलेल्यांच्या रक्तात वेगळं काय असतं, ते कृत्रिम बुद्धिमत्तेला दाखवायचं. मग म्हातारपण लांबवणारं औषध कशापासून होईल, हे कॉम्प्युटर हजारो रसायनांतून शोधणार. कंपनीचे साहेब तरुण होते, मऊ बोलायचे. मला जीपमध्ये त्यांनीच हे सगळं समजावलं.

आजी अंगणात नागली पाखडत होती. मी तिच्या दंडाला पट्टी बांधली. रक्त काढून झालं, तरी तिनं हात मागं घेतला नाही.

"इतकासाच? आजून घे बाय."

"पुरे, आजी."

"मंग हे माझे पोरीला दे. तिचे अंगात रगत नाय, नर्सबाय बोलली."

दारात नात उभी होती. वीटभट्टीवरून बाळंतपणासाठी आलेली, पोट पुढं आलेलं, ओठ पांढरे. मी आजीला सांगितलं, हे रक्त नातीला देता येत नाही, ते कॉम्प्युटरसाठी आहे.

"त्याला कशाला? त्याला का पोर व्हायचा हाय?"

आम्ही सगळेच हसलो. आजी मात्र लगेच गंभीर झाली. साहेबांना म्हणाली, "सायेब, तुमचा मशीन माझी वर्सा काढून तिला देल का?"

साहेब खाली उकिडवे बसले. म्हणाले, "तसं नाही, आजी. औषध सापडेल. पण दहा-पंधरा वर्षं लागतील."

"तवर मी थांबन," आजी म्हणाली. "पोर कशी थांबल?"

परतताना साहेबांनी नातीला जीपमध्ये घेतलं. दवाखान्यात तिला रक्ताची बाटली चढवली, गोळ्या दिल्या. मला वाटलं, निभावेल. नाही निभावलं. बाळंत झाल्यावर रक्त थांबेना, आणि नाशिकला नेताना ती घाटातच गेली. मुलगी जगली. बाप भट्टीवर निघून गेला आणि ते तान्हं आजीच्या मांडीवर आलं.

काही महिन्यांनी आम्ही पुन्हा पाड्यावर गेलो. आजीचं शरीर वयाच्या मानानं बरंच तरुण आहे, असं कॉम्प्युटरनं सांगितलं होतं. साहेबांना पुन्हा रक्त हवं होतं. आजी वाटी-चमच्यानं शेळीचं दूध पाजत होती. या वेळी ती हसली नाही.

"औषध झाला का?"

"अजून नाही, आजी."

"पयला मना द्या. जास्ती नको. ही शाळेत जाईस्तवर."

साहेब म्हणाले, "हो." बोलून झाल्यावर त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. आजीनं पोर उजव्या कुशीत घेतली आणि डावा हात पुढं केला. सुई टोचताना ती माझ्याकडं नाही, पोरीकडं बघत होती.

दिवाळीनंतर साहेबांचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. कॉम्प्युटरनं एक रसायन निवडलं होतं. उंदरांना ते देऊन पाहिलं, म्हातारे उंदीर पळायला लागले होते. आजीचं रक्त आणखी एकदा हवं होतं.

मी गेले. दाराला बाहेरून कडी होती. शेजारणीनं भाताच्या बांधावरूनच ओरडून सांगितलं, म्हातारी गेली. मी तिथूनच साहेबांना फोन लावला.

"आजी गेल्या, सर."

त्यांनी हळूच विचारलं, "कशानं?"

"म्हातारपणानं," मी म्हटलं.

शेजारीण जवळ आली. तिनं सांगितलं की मुलीला बापाची बहीण घेऊन गेली. कुठल्या भट्टीवर, ते तिलाही ठाऊक नव्हतं. गेली त्या दिवशी आजी सकाळच्या उन्हात पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. झोप लागली असेल, असं येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं. पोर भुकेनं रडायला लागली, तरी आजी हलेना, तेव्हा कळलं.

"पोरीभवती हात कसा घट्ट होता सांगू," शेजारीण म्हणाली. "पोर काढाया आम्ही दोघी लागलू."