ग्रहण सुटेपर्यंत

राजारामपुरीतल्या क्लासमध्ये मी दहावीच्या पोरांना सूर्यग्रहण शिकवायचे. चेंडू, बॅटरी आणि भिंतीवर सावली. पण मला आठवा महिना लागला असताना खरंखुरं ग्रहण आलं, तेव्हा मी भरदिवसा पडदे ओढून, दार लावून पलंगावर पाय सरळ करून पडले होते. हसा खुशाल.

नियम सासूबाईंचे. ग्रहण सुटेपर्यंत पोटुशी बाईनं काही चिरायचं नाही, कातरायचं नाही, पाणी प्यायचं नाही, अंगसुद्धा खाजवायचं नाही. उंबरा ओलांडायचं तर नावच नको. नवरा शाहूपुरीतल्या दुकानात, घरात आम्ही दोघीच. दाराशी खुर्ची टाकून त्या पहाऱ्याला बसल्या होत्या, स्वतःही उपाशी.

सकाळपासून माझं डोकं ठणकत होतं. पायांवर सूज होतीच. आता डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. डॉक्टरीणबाईंनी मागच्या खेपेलाच बजावलं होतं, "बीपी वाढतंय. डोकं दुखलं, डोळ्यांपुढे चमकलं, तर फोन करत बसू नकोस, थेट ये." दवाखाना समोरच्याच गल्लीत. पडदा नसता तर पलंगावरून पाटी वाचता आली असती.

तरी मी उठले नाही. आणि ते सासूबाईंच्या धाकानं नव्हे, हे कबूल करायला मला आजही लाज वाटते. बाळाच्या ओठात, बोटात काही कमी निघालं, तर लोक जन्मभर मला बोलतील आणि मनातून मीही स्वतःला तेच बोलेन, या भीतीनं मला पलंगाला बांधून ठेवलं होतं. एवढं शिकून उपयोग काय, शून्य!

"आत्या, डोळ्यांपुढं चमकतंय," मी शेवटी सासूबाईंना म्हटलं.

"गिराणाचं असतंय त्ये. डोळं झाक. हलू नगंस."

मिटलेल्या डोळ्यांतही चमकतच होतं. मग बरगड्यांखाली कळ आली आणि मी कण्हले. तशा त्या जवळ आल्या, माझ्या पायावर हात ठेवला. बोट दाबलं तिथं खळगा पडला. त्या खळग्याकडे बघत त्या बोलायला लागल्या, ते मी कधीच ऐकलं नव्हतं.

"तुज्या नवऱ्याच्या आदी मला एक पोरगी झालती. मेल्यालीच. गिराणात मी सुपारी कातरली हुती, इसरून. सासूनं बघितलं. लई डोस्कं दुखत हुतं की गं तवा. पाय ह्ये असंच सुजल्यालं. म्हणून तर ध्यानात ऱ्हायलं न्हाय."

मी ताडकन उठून बसले. "दुखणं सुपारीच्या आधीपासून होतं?"

"व्हय की. दोन दिस आदीपस्नं."

"मग ते सुपारीनं नाही झालं, आत्या. ते बीपी होतं. मला आत्ता तेच होतंय."

मला वाटलं, आता ओरडतील. पण त्या उठल्या. ग्रहण सुटायला अजून तासभर होता. त्यांनी स्वतःच्या हातानं कडी काढली, माझ्या अंगावर चादर टाकली आणि मला धरून जिना उतरवला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी दंडाला पट्टा बांधला, आकडा बघितला आणि काही न विचारता मला आत घेतलं. दुपारी सिझेरियन झालं. मुलगी झाली, मूठभर, पण चांगली खणखणीत रडली.

सासूबाईंनी नातीचे ओठ बघितले नाहीत, बोटं मोजली नाहीत. त्यांनी डॉक्टरीणबाईंना दारातच गाठलं.

"बाई, सुपारी कातरली म्हणून पोटातलं प्वार मरतंय काय?"

"नाही हो, आजी."

"नक्की न्हाय?"

"नक्की नाही."

मग त्या बाकड्यावर बसल्या आणि त्या पहिल्या लेकीसाठी मोठ्यानं रडल्या. इतकी वर्षं त्यांना रडायचीही सोय नव्हती. पोर त्यांनीच मारली होती ना.