पदरावरची तोफ आणि नानांचं टपाल

किस्से काही मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. मशिनीखाली दोऱ्याचा कचरा साचतो ना, तसे साचतात. झाडले नाहीत तर गुडघ्यापर्यंत येतात. आमच्या गुजरातेतल्या उधन्याच्या कारखान्यात तर जास्तच, कारण चाळीस लूम, म्हणजे कापड विणायच्या मशिनी, एकदम खटखटतात. सकाळी बाजूच्या माणसानं काही सांगितलं तर ते दुपारी डबा खाताना कळतं. तोवर त्या गोष्टीला शिंगं-शेपूट फुटलेलं असतं.

म्हणून आत आम्ही हातानंच बोलतो. मूठ तोंडाला लावली म्हणजे चहा. दोन बोटं कात्रीसारखी चालवली म्हणजे तार तुटली, म्हणजे मशिनीवरचा उभा दोरा तुटला. पोटावरून गोल हात फिरवला म्हणजे शेठ आला. शेठनं हे एकदा बघितलं. त्याला वाटलं आम्हाला भूक लागली.

मी शिंदखेड्याकडचा, चौथी शिकलेला. डोकं तापट आहे, आधीच सांगतो. कारगिलची लढाई चालू होती त्या उन्हाळ्यात ते जरा जास्तच तापलेलं होतं, कारण आमच्यातल्या एकाचाच पोरगा वर होता आणि लढाई मात्र सगळेच करत होते.

तो एक म्हणजे नामदेव नाना. माझ्याच गावाकडचे. पंचवीस वर्षं लूम चालवून कान अर्धे गेलेले. त्यांचा सुनील मिलिट्रीत. शेवटच्या पत्रात एवढंच होतं की आम्हाला वर नेत आहेत, काळजी करू नका. त्यानंतर सव्वा महिना काही नाही. पोस्टमन गल्लीत शिरला की नाना मशीन सोडून दारात. पोस्टमन मान हलवायचा, नाना परत मशिनीवर. रोज.

* * *

दिलीप नावाचा एक नवा कारागीर आला होता, बुलढाण्याचा. त्याला हाताची भाषा अजून येत नव्हती. एक दिवस नानांच्या मशिनीवर दोरा तुटला, नाना पलीकडे होते. दिलीप धावत गेला आणि त्यांच्या कानात तोंड घालून ओरडला, "नाना, तार!"

नाना खालीच बसले. पोस्टाची तार म्हणजे काय बातमी असते ते सगळ्यांना माहीत आहे. मी दिलीपच्या कानाखाली दिली. का दिली ते त्याला कळलं नाही, कळायला जागाच नव्हती, एवढा आवाज. तो आपला मशिनीकडे बोट दाखवतोय आणि मी दुसरी द्यायला निघालोय.

नानांनी ते बोट बघितलं. उठले, दोरा जोडला, मशीन चालू केली. मग दिलीपला जवळ बोलावून म्हणाले, "पोरा, जे तुटलं ते मी जोडतो. फक्त नाव घेऊ नको."

त्या दिवसापासून आमच्या कारखान्यात तार हा शब्द बंद. सगळे दोरा म्हणायला लागले. मशिनींवर देखरेख करणारा मास्तर गुजराती माणूस, त्याला पत्ताच नाही. तो आला की म्हणायचा, "एक तार तूटी गयो छे," आणि दहा जणं तोंडावर बोट ठेवून त्याच्याकडे बघायची. त्याला वाटलं युनियन काढली.

* * *

हाच दिलीप पुढे आमचा जनरल झाला. पानाच्या टपरीवर पेपर वाचायचा आणि डब्याच्या सुट्टीत लढाई समजावून सांगायचा. जमिनीवर दोऱ्याच्या बॉबिनी उभ्या करायच्या, ते डोंगर. आडव्या ठेवायच्या, त्या तोफा. "शत्रू इथं बसलाय भाऊ, आपण मागून जायचं." आपण म्हणजे कोण? हा माणूस मुतारीत एकटा जायला घाबरायचा, तिथं उंदीर होते.

एक दिवस सुट्टी संपली तरी डोंगर उभेच. मी सगळ्या बॉबिनी गोळा करून घेऊन गेलो. हा मागून ओरडतोय, "अहो भाऊ, ती आपली चौकी आहे."

म्हटलं, "माझी मशीन पंधरा मिनिटं बंद आहे. आधी तिला दोरा घालतो, मग तुझी चौकी परत जिंकून देतो."

नाना बाजूला भाकरी खात होते. त्यांनी दिलीपला खूण करून जवळ बोलावलं आणि विचारलं, "तुझ्या त्या डोंगरावर टपाल कुठून चढतं रे?"



* * *

आता भाववाढीचं ऐका. गल्लीच्या तोंडाशी मगनचा चहा. काठेवाडी माणूस. लढाई लागून आठवडा झाला नाही तर यानं कटिंग आठ आण्यांनी वाढवली. मी विचारलं, का रे?

"भाई, लडाई चालू है."

"लढाई काश्मीरात. तुझी म्हैस कामरेजला. तिला नेलंय का वर?"

"शक्कर भी महँगी हुई."

साखर! चलथाणचा कारखाना इथून सायकलवर जाऊन येण्यासारखा. तिथं बॉम्ब पडला असता तर आम्हाला आवाज आला असता. तसं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "आप देशप्रेमी नहीं हो."

असं करता करता बटाटे देशप्रेमी झाले, रॉकेल देशप्रेमी झालं, लिंबायतचा न्हावी दाढीचे वाढवून घ्यायला लागला. त्याला म्हटलं, तू कशासाठी? तर वस्तरा गळ्यापाशी आणून म्हणाला, "सब के लिए बढा है ना भाई." मी तापट आहे, पण वस्तऱ्याखाली नाही.

पुढे लढाई संपली तेव्हा पहिला मी मगनकडे गेलो. म्हटलं, चल, काढ आठ आणे कमी.

मगननं किटली खाली ठेवली नाही. "भाई, ऊपर चढे हुए को नीचे उतारने को लश्कर लगता है. मेरे पास किधर है?"

* * *

आमचा शेठ तर लढाईच विकायला बसला. त्याच्या भावाचं मार्केटात साडीचं दुकान. आम्ही विणलेलं कोरं कापड पलसाण्याला रंगून-छापून दुकानात जातं आणि तिथं साडीला नाव मिळतं. साडी तीच असते, नाव विकतं. आधी या साडीच्या पदरावर मोर होता आणि नाव काहीतरी दुल्हन-बिल्हन होतं. आता मोराच्या जागी डोंगर आला, डोंगरावर तोफ आली, आणि नाव कारगिल. पंधरा रुपये जास्त. मोरापेक्षा तोफेला रंग जास्त लागतो म्हणे.

छपाईत डाग पडलेल्या दोन-चार साड्या शेठनं कारागिरांना वाटल्या. एक मी घरी नेली. घरी आम्ही अहिराणीच बोलतो. बायकोनं घडी मोडली, पदर डोक्यावर घेतला, आरशात बघितलं आणि म्हणाली, "पदर लिधा का तोफनं तोंड बरोबर तुमनाकडे येस. राहू द्या, कामनी शे."

कामाची आहे म्हणून अजून जपून ठेवलीय तिनं. भांडण झालं की कपाटाकडे नुसती बघते.

* * *

साडी चालली तशी शेठची भूक वाढली. एक दिवस पोट पुढे करून आत आला. आम्ही सगळ्यांनी एकमेकांना हात फिरवून दाखवला. शेठ थेट नानांकडे. त्यांना ऑफिसात नेलं, खुर्ची दिली. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. मी पाठोपाठ गेलो, नानांना ऐकू कमी येतं म्हणून. म्हणजे असं सांगून गेलो.

"नाना, छोकराचा वर्दीवाला फोटो द्या ने. साडीच्या बॉक्सवर छापीए. अपने कारखाने का छोकरा."

मी नानांच्या कानात ओरडून सांगितलं. नानांनी विचारलं, "कशाला?"

शेठ म्हणाला, "नाम होगा उसका. पूरा हिंदुस्तान देखेगा."

माझं डोकं फिरलं. ज्याचं सव्वा महिना पत्र नाही त्याचा फोटो हा खोक्यावर लावणार. गावाकडे फोटो कधी लावतात आणि त्याला हार कधी घालतात, ते या माणसाला कोण सांगणार? मी तोंड उघडणार तेवढ्यात नानांनी माझा हात दाबला. शांत आवाजात म्हणाले, "शेठ, पोरगा येईल ना, तेव्हा त्यालाच विचारा. बंदूक त्याच्याकडेच आहे."

फोटोचा विषय परत निघाला नाही. खुर्ची पण नाही.

* * *

त्यात क्रिकेटची मॅच आली. तिकडे विलायतेत वर्ल्डकप, आणि आपली मॅच बरोबर पाकिस्तानशीच. आमच्या चाळीत एकच रंगीत टीव्ही, त्याच्यापुढे पन्नास माणसं. टीव्हीवाल्यानं त्या दिवशी चपला बाहेर काढायला लावल्या, देवळासारख्या. नाना काही आले नाहीत. त्यांना क्रिकेट कळत नाही, आणि त्या दिवसांत ते घरातच बसायचे, दाराकडे तोंड करून.

जिंकलो. गल्लीत फटाके, ढोल, माणसं नाचायला लागली. कान अर्धे असले तरी फटाका कळतोच. नाना धावत बाहेर आले. "काय झालं रे?"

दिलीप नाचता नाचता ओरडला, "जिंकलो नाना! पाकिस्तान हरला! संपलं!"

नाना आत गेले. डब्यात होता नव्हता तो सगळा गूळ ताटात फोडून आणला. एकेकाच्या हातावर ठेवायला लागले. त्यांची बायको, नानी, दारात उभी, डोळ्याला पदर. मी दोन खडे खाल्ले आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला की हा माणूस कशाचा गूळ वाटतोय.

कोणीतरी सांगायला पाहिजे होतं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. शेवटी मीच कानाशी गेलो. "नाना, क्रिकेट. बॅट-बॉल. ती लढाई चालूच आहे."

नानांनी ताट एका हातात घेतलं. मग दिलीपसमोर हात पसरला.

"गूळ परत द्या."

ज्यांनी खाल्ला नव्हता त्यांनी दिला.

* * *

मग एक दिवस आमच्या वॉर्डातला पुढारी आला. सोबत पेपरचा फोटोवाला. शहीद जवानांसाठी कारखान्यात दोन मिनिटं मौन पाळायचं. शेठ खुश. पण पुढारी म्हणाला, मौनात मशीन चालू असेल तर फोटोत माणसं हलतात, मशिनींचा मेन स्विच बंद करा.

शेठचं तोंड उतरलं. आमच्या कारखान्यात सगळ्या मशिनी एकदम कधी थांबत नाहीत. शेठचा बाप गेला तेव्हा आम्ही पाळीपाळीनं जाऊन पाया पडून आलो, मशिनी चालू ठेवून. सुनील पण इथंच दोन वर्षं लूमवर होता भरतीच्या आधी, त्यालाही हे ठाऊक. तो कधी ऑफिसात फोन करायचा तेव्हा नाना एका कानात बोट घालून ओरडायचे, आणि तो तिकडून म्हणायचा, खटखट ऐकली की घरी आल्यासारखं वाटतं.

तर शेठनं स्विच पाडला. चाळीस लूम एकदम गप्प. पंख्याचा आवाज पहिल्यांदा ऐकला. सगळे मान खाली घालून उभे. पुढारी पुढे, शेठ त्याच्या शेजारी, फोटोवाला पेटीवर चढलेला.

आणि ऑफिसात फोन वाजला.

कोणी हललं नाही. वाजून वाजून बंद पडला. परत वाजला. मी शेठकडे बघितलं, त्यानं एक डोळा उघडून मान हलवली, नाही. मला कोणी नाही म्हटलं की पाय आपोआप उचलतात. लोखंडी जिना खडखड चढून गेलो आणि फोन उचलला.

"हॅलो, नाना आहेत का? मी सुनील."

कारखान्यात कधी ओरडलो नाही असा ओरडलो. नाना जिना कसे चढले ते मला माहीत नाही, चप्पल खालीच राहिली. फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी कानाला लावला, पण घाईत उलटा लावला, ऐकू काय येणार. मग मी मध्ये कान घातला. तो म्हणायचा, मी नानांच्या कानात ओरडून सांगायचो. खाली सगळ्यांना शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"खाली आणलंय आम्हाला. बरा आहे. पायाला थोडं लागलंय."

"पाय आहे ना?" नाना ओरडले.

"आहे, दोन्ही आहेत. पत्रं टाकली होती मी, तीन. मिळाली नाहीत?"

"जेवला का?"

खाली पुढारी मान खाली घालून उभाच होता. फोटोवाल्यानं कॅमेरा वर आमच्याकडे फिरवला, शेठनं त्याचा हात धरून परत खाली ओढला.

मग तिकडून आवाज येईना. मला वाटलं लाइन गेली. हॅलो हॅलो केलं. तर तो घाबरल्या आवाजात म्हणाला, "भाऊ, खटखट का ऐकू येत नाही? मशिनी बंद का आहेत? कोण गेलं?"

मी ते नानांना सांगितलं. ओरडून नाही, हळूच सांगितलं, पण त्यांना कळलं. त्यांनी काचेतून खाली बघितलं. पन्नास-साठ माणसं, सगळ्यांच्या माना खाली. मग फोन दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाले,

"कोनी नही रे सुनील. दोन मिनिटनं काम शे. व्हई आते चालू."