मार्थामावशींचे प्याले

आमच्या चर्चमध्ये मार्थामावशींना बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. उपासना सुरू झाली की त्या शेवटच्या बाकामागे दाराला टेकून उभ्या राहत, अर्धं लक्ष आत आणि अर्धं मागच्या खोलीकडे. गीताचं पहिलं कडवं त्या आत म्हणत, दुसरं खिडक्या उघडताना, आणि तिसरं मागच्या खोलीतून भांड्यांच्या आवाजासकट ऐकू येई. त्यांचा सूर पुष्कळदा चुकायचा, पण थांबायचा मात्र नाही.

त्यांचं खरं नाव शांता. ज्यानं ते ठेवलं त्यानं मूल फक्त झोपलेलं पाहिलं असावं, असं आमचे पाळकसाहेब म्हणत. मार्था हे नाव पाळकसाहेबांनीच दिलेलं. एका रविवारी ते शुभवर्तमानातल्या दोन बहिणींची गोष्ट सांगत होते. प्रभू घरी आला तेव्हा मरिया त्याच्या पायांजवळ ऐकत बसली, मार्था कामात गढून गेली आणि त्यानं तिला प्रेमानं दटावलं, ती गोष्ट. सांगता सांगता त्यांनी मागे उभ्या असलेल्या मावशींकडे बोट दाखवलं. सगळे वळून हसले. मावशी जागेवरूनच म्हणाल्या, "दटावलं खरं, साहेब. पण तो जेवला कुणाच्या हातचं, ते बी सांगा की!" त्या दिवसापासून शांताबाई हे नाव फक्त रेशनकार्डावर उरलं.

मावशी मूळच्या नगरकडच्या. नवऱ्याला अंबरनाथच्या कारखान्यात काम लागलं म्हणून इकडे आल्या आणि पालेगावच्या रस्त्याला दोन खोल्या करून राहिल्या. नवरा गेल्यावर त्यांनी उल्हासनगरला जीन्स शिवणाऱ्या एका कारखान्यात धागे कापायचं काम धरलं. तिथेही तोंडानं गीत चालूच. कारखान्याचे सिंधी शेठ एकदा वैतागून म्हणाले, "मौसी, तुम्हारा भगवान बहरा है क्या? सुबह से शाम तक सुनाती रहती हो!" मावशींनी कात्री खाली न ठेवता उत्तर दिलं, "बहरा नहीं, शेठ. सब लोग माँगने को जाते, मैं खाली थँक्यू बोलने को जाती. उसको बी जरा बरं वाटतं." काही महिन्यांनी शेठच्या मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा शेठ स्वतः मावशींच्या टेबलाशी आले. म्हणाले, "मौसी, आज मेरी तरफ से भी थँक्यू बोल देना." हे सांगताना मावशी अशा खुलत, की जणू शेठच्या मुलीचं लग्न त्यांनीच जमवलं होतं.

माझी आणि त्यांची गाठ पडली ती मागच्या खोलीत. मी बदलापूरला राहतो आणि उल्हासनगरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. चर्चमध्ये कोपऱ्यात बसायचं आणि उपासना संपली की कुणाशी न बोलता निघायचं, हा माझा शिरस्ता. एका रविवारी मावशींनी मला दारातच अडवलं. "मास्तर, पुस्तकं धरून हात दुखत असतील. जरा फडकं धर." मी मास्तर नव्हतो. पण त्यांना ग्रंथपाल या शब्दाशी काही देणंघेणं नव्हतं.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट. रस अंगठ्याएवढ्या काचेच्या प्याल्यांतून देतात. ते सत्तरेक प्याले धुण्याचं काम मावशींचं, आणि आता पुसण्याचं माझं. त्यांचा एक नियम होता. पुसून झालेला प्याला पेटीत ठेवताना एका गोष्टीबद्दल देवाचे उपकार मानायचे, मोठ्यानं. आणि 'सगळ्याबद्दल' म्हणायचं नाही. "ते आळशाचं उत्तर," मावशी म्हणत. "देवानं एकेक करून दिलं, तर आपण गठ्ठ्यानं का पावती द्यायची?"

त्यांची यादी अशी असे: "नळाला पाणी आलं तेव्हा मी जागी होते. लेकीच्या, सुनीताच्या, सासूनं आपणहून फोन केला. शहाडला चप्पल तुटली, तर मोची समोरच बसलेला." मी मात्र तिसऱ्या प्याल्यालाच अडखळे. एकदा म्हणालो, "लायब्ररीत शांतता होती." मावशींनी प्याला पेटीत ठेवू दिला नाही. "ती तर रोज असते. नवीन काढ." तेव्हा नाइलाजानं मी महिनाभर गोष्टी जमवू लागलो. फाटलेलं पुस्तक वाचकानं घरून चिकटवून आणलं. रिक्षावाल्यानं विसरलेली छत्री परत दिली. आज वाटतं, माझं सगळं शिक्षण एका बाजूला आणि त्या मोरीपाशी उभं राहून झालेलं शिक्षण दुसऱ्या बाजूला.

आता ज्या रविवारबद्दल लिहायचं आहे, तिथे आलो की माझा हात थांबतो. मी उठतो, खिडकी उघडतो, लावतो, परत येऊन बसतो. गेले दोन महिने घरात एका जागी बसवत नाही. मावशींचं न बसणं आनंदाचं होतं. माझं तसं नाही.

प्रभुभोजनाचा रस मावशी घरी करायच्या. शनिवारी काळ्या मनुका भिजत घालायच्या, उकळून गाळायच्या आणि बाटलीत भरून आणायच्या. त्या रविवारी बाहेरगावचे पाहुणे येणार होते, म्हणून उपासनेनंतर त्यांना द्यायला कोकमाचं सरबतही त्यांनी केलं होतं. दोन बाटल्या, दोन्हींचा रंग सारखा. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, सर्वांनी एकदम प्याले ओठांना लावले. माझ्या जिभेवर काळं मीठ आणि जिरं होतं. शेजारच्या आजोबांनी डोळे गच्च मिटले. पाळकसाहेबांच्या गळ्याची घाटी वर गेली, तिथेच थांबली आणि मोठ्या निश्चयानं खाली आली. कुणी हसलं नाही, कुणी चेहरा वाकडा केला नाही.

उपासना संपल्यावर पाळकसाहेब मागच्या खोलीत आले. "मावशी, आज द्राक्षवेलाला आमसुलं लागली होती."

मावशींनी प्याला हुंगला. पुन्हा हुंगला. मग भिंतीशी उपड्या ठेवलेल्या बादलीवर त्या बसल्या. त्यांना बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. पाळकसाहेबही घाबरले. "अहो, होतं असं. प्रभू काय जिऱ्यावर रागावणार आहे?" त्यावर त्या हसल्या, उठल्या आणि त्यांनी पहिला प्याला नळाखाली धरला. म्हणाल्या, "उपकार याचे, की एवढ्या माणसांनी गिळलं, कुणी थुंकलं नाही."

पाळकसाहेब गेल्यावर पाण्याचा आवाज चालू ठेवूनच त्या मला म्हणाल्या, "मास्तर, मी चाखलं होतं रे. भरायच्या आधी नेहमी थेंबभर चाखते. मला काही लागलंच नाही. वास बी येत नाही, किती दिवस झाले. सुनीताला बोलू नकोस. ती दवाखान्यात न्यायची आणि तिथं बसवून ठेवायची."

"दाखवून तर घ्या, मावशी."

"घेईन की. नाताळ होऊ दे." मग माझ्याकडे रोखून पाहत म्हणाल्या, "सांगणार नाहीस ना?"

मी सांगणार नाही म्हणालो. गप्प राहणं मला आयुष्यभर सोपं गेलं आहे. नाताळ झाला, ईस्टर झाला. रस आता मी चाखू लागलो. त्या बाटली पुढे करत, मी मान हलवत असे, आणि त्या गात गात प्याले भरत. आमच्यातलं हे गुपित मला थोडं आवडूही लागलं होतं, हे कबूल करायला हवं.

आठ महिन्यांनी त्या घरात पडल्या. डोक्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी त्यांच्या मुलीला विचारलं, "चव किंवा वास येत नाही अशी काही तक्रार होती का?" सुनीता म्हणाली, "नाही." मी तिच्या मागे दोन पावलांवर उभा होतो. फरशीवरचा एक डाग पाहत राहिलो. आधी कळलं असतं तर काही करता आलं असतं का? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. हो म्हणाले असते तरी सोसलं असतं, नाही म्हणाले असते तर सुटलो असतो. हे 'सांगता येत नाही' मात्र अजून माझ्याबरोबर घरभर फिरतं आहे.

मावशी खाटेवर पडून होत्या. पाय तेवढे चादरीखाली हलत होते. दुसऱ्या दिवशी सुनीता चहाला गेली तेव्हा मी त्यांना म्हणालो, "मावशी, मी तेव्हाच बोलायला हवं होतं."

"बोलला असतास, तर तेव्हापासून या खाटेवर असते. नंतर आठ वेळा प्याले धुतले मी, मास्तर. त्याचे उपकार मान."

"त्याचे कसे मानू?"

"ते आता मला विचारतोस? पहिल्या प्याल्यापासून सुरू कर. हळूहळू येतं." थोडा दम खाऊन त्या म्हणाल्या, "माझ्या मातीला तू बोल. साहेब लांबवतात. तू प्याले पुसताना बोलतोस तसं बोल. रडगाणं नको."

मी हो म्हणालो. त्यांना दिलेली दोन वचनं. पहिलं पाळलं, ते पाळायला नको होतं. दुसरं पाळायला हवं होतं, ते जमलं नाही. कब्रस्तानात पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. मी पुढे झालो. समोर शवपेटी होती, सुनीता होती, मागे उल्हासनगरचे शेठ हातात रुमाल धरून उभे होते. उपकार मानायला तोंड उघडलं, की आधी तो डाग डोळ्यांसमोर येई. खूप वेळ मी नुसता उभा राहिलो. शेवटी पाळकसाहेबांनीच प्रार्थना केली. लांबवली नाही.

त्यानंतरच्या प्रभुभोजनाला प्याले प्लास्टिकचे आले, वापरून टाकायचे. या महिन्याच्या पहिल्या रविवारीही तेच. काचेचे आता धुणार कोण, असं समितीत ठरलं, आणि त्यात कुणाची चूक नव्हती. उपासना संपल्यावर सुनीता मागच्या खोलीत आली. तिच्या हातात काचेच्या प्याल्यांची पेटी होती. पडण्याच्या आदल्या रविवारी मावशींनी ती घासायला घरी नेली होती.

"काका, ही ठेवू कुठं? कपाटात जागाच नाही."

मी पेटी घेतली आणि खाली न ठेवताच तिला सगळं सांगितलं. कोकम, चाखलेला थेंब, मागितलेलं वचन, डॉक्टरांचा प्रश्न. माझं बोलणं संपलं तरी ती माझ्याकडे न पाहता मोरीकडे पाहत होती.

"भाजीत दोनदोनदा मीठ पडायचं तिच्या हातून," ती म्हणाली. "मी खेकसायचे तिच्यावर. आई, लक्ष कुठंय तुझं म्हणून. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, काका. आणि तोंडातून 'नाही' निघालं." तिनं डोळे पुसले. "मला वाटलं होतं, ते मला एकटीलाच माहीत आहे."

आम्ही दोघं उभे होतो. बसायला तिथे बादलीशिवाय काही नव्हतं. मग सुनीतानं नळ सोडला, पेटी माझ्या हातातून काढून घेतली आणि धूळ बसलेले प्याले एकेक करून पाण्याखाली धरू लागली. खिळ्याला मावशींचं फडकं तसंच लटकत होतं. मी ते घेतलं. पहिला प्याला पुसला, उजेडात धरून पाहिला आणि पेटीजवळ हात नेऊन थांबलो.

सुनीता वळून पाहत होती. आईचा नियम तिलाही माहीत होता.

"कोकम प्यायलो त्या दिवशी," मी म्हणालो, "कुणी थुंकलं नाही."

ती रडता रडता हसली आणि तिनं दुसरा प्याला पुढे केला. त्या दिवशी पेटी भरेपर्यंत मी पुसत राहिलो, आणि कुठेकुठे अडलो तरी बोलतही राहिलो. मिळालेल्या आठ महिन्यांचे उपकार मात्र अजून तोंडातून निघालेले नाहीत. समितीला मी कळवलं आहे की प्लास्टिकचे प्याले यापुढे मागवू नयेत. पहिला रविवार जवळ आला आहे, आणि पेटीत प्याले पुष्कळ आहेत.