मगनभाऊचं नावाजलेलं भरीत

जळगाव-धुळे रस्त्यावर, पारोळ्याच्या अलीकडच्या फाट्याला मगनभाऊचं हॉटेल होतं. एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीच्या सुमाराला त्याच्या भरिताचं नाव पार पुण्यापर्यंत गेलं होतं. भरीत होतं कसं? बरं होतं. त्यापुढे शब्द खर्च करावा असं त्यात काही नव्हतं, आणि हे सगळ्यात पक्कं ठाऊक होतं ते खुद्द मगनभाऊलाच.

नाव कसं झालं तेही त्याला ठाऊक होतं. बसचे ड्रायव्हर त्याच्याकडे फुकट जेवायचे, म्हणून गाड्या तिथं थांबायच्या. पहाटेपासून खडखडत आलेली माणसं भर दुपारी खाली उतरायची. भुकेला कोंडा अन् निजेला धोंडा. त्यांनी काहीही बोटं चाटून खाल्लं असतं. असाच उपाशीपोटी आलेला पुण्याचा एक पेपरवाला जेवून गेला आणि त्यानं रकानाभर कौतुक छापलं. मग काय विचारता! लोक खास गाड्या करून यायला लागले. उन्हात रांगेत उभे राहायचे. आणि एवढं ताटकळून खाल्लेलं भरीत साधंच होतं, असं घरी जाऊन सांगणार तरी कोण?

हॉटेलच्या मागच्या अंगाला, पत्र्याच्या खोलीत वच्छलाबाईची खानावळ होती. नवरा गेल्यावर तिनं दोन्ही पोरी याच चुलीवर वाढवल्या. हिरवी-पांढरी मोठाली वांगी ती कपाशीच्या काड्यांवर भाजायची आणि हिरवी मिरची, लसूण घालून लाकडी मुसळीनं ठेचायची. वर कांद्याची पात, शेंगदाणे, बेताचं तेल. बाजूला ज्वारी-उडदाच्या पिठाची, कळण्याची भाकरी. मगनभाऊ रोज दुपारी स्वतःच्या हॉटेलच्या मागच्या दारानं बाहेर पडून तिच्याकडे जेवायला जायचा. आई गेल्यावर तसा घास त्याला दुसरीकडे कुठं मिळाला नव्हता.

आणि तीच खानावळ आता बसत चालली होती. पुढं रांग, मागं माशा. एके दिवशी ताट वाढता वाढता वच्छलाबाई म्हणाली, "भाऊ, आते मी दोंडाईचाले भाऊकडे चालनू. आठे कोणी येत नही."

मगनभाऊनं उचललेला घास परत ताटात ठेवला. हिचं गिऱ्हाईक आपल्याच नावानं खाल्लं, हे त्याला कोणी सांगायला नको होतं.

पुढच्याच रविवारी भरल्या हॉटेलात तो गल्ल्यावरून उठला आणि मोठ्यानं म्हणाला, "मंडळी, खरं सांगतो. भरीत खायचं तर मागं वच्छलाअक्काकडे जा. माझं काही तेवढं चांगलं नाही."

आणि पडल्या टाळ्या!

"काय हा विनय!" नाशिकचा एक वकील म्हणाला. "मोठी माणसं अशीच असतात बघा."

झालं. 'स्वतःच्या भरिताला नावं ठेवणारा मालक' अशी नवीनच ख्याती पसरली आणि रांग आणखी लांबली. चार-दोन जण कुतूहलानं मागं जाऊनही आले. "फिकं आहे हो," ते परत येऊन म्हणाले, "तर्रीच नाही. तुमची सर नाही, भाऊ."

"अरे बाबांनो, भरिताला तर्री नसतेच!" मगनभाऊ कळवळून ओरडला. त्यावरही लोक खूष होऊन हसले.

शहाणा असता तर त्यानं त्याच दिवशी भट्टी विझवली असती. आपण म्हणतो सहज. पण दारात लागलेली रांग स्वतःच्या हातानं मोडणारा माणूस अजून जन्माला यायचाय. मगनभाऊही गल्ल्यावर बसून राहिला, फक्त त्याची झोप गेली.

थंडीत, ऐन वांग्यांच्या दिवसांत, तो भावाकडच्या लग्नाला जामनेरला गेला. आठवड्यानं परतला तो थेट मागच्या दारानं वच्छलाबाईकडे. ओट्यावर पाच-सहा परकी माणसं जेवत होती. त्याला इतका आनंद झाला, की हात धुवायचंही तो विसरला. आता ही निघायचं नाव काढणार नाही, असं मनाशी म्हणत तो पाटावर बसला.

ताट आलं. भरितावर लालभडक तेल तरंगत होतं. त्यानं भाकरीचा तुकडा मोडून घास घेतला. चव ओळखीची होती, थेट त्याच्याच हॉटेलातली.

वच्छलाबाई पदराला हात पुसत समोर उभी होती. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा खुलला होता. "तुमना आचारी रुपचंदले इचारी इचारी शिकनू, भाऊ. लोकेस्ले हाईच आवडस. आते दोंडाईचाले जानं नही. सांगा, जमनं का तुमना सारखं?"

मगनभाऊला स्वतःची किळस आली. आता या फाट्यावर त्याला जेवायला जागा उरली नव्हती, आणि हे तिला सांगावं तर तिच्या तोंडचा घास जाणार होता.

"जमनं, अक्का," तो म्हणाला. "बठ्ठं मन्हासारखंच शे."

आणि मान खाली घालून त्यानं ते ताट संपवलं.