घाटाखालच्या नागरिकांना कळविण्यात येते

भोंग्याच्या धंद्यात किस्से गोळा करावे लागत न्हाईत. रिक्षा गल्लीत घातली की दारातून कुणीतरी काहीतरी बोलतंच, आणि ते आपल्यासोबत घरी येतं. आमच्या साउंड सर्व्हिसच्या दुकानात सांजच्याला चहा आला की एकानं एक काढायचा, दुसऱ्यानं त्यावर दुसरा. चहा अजून येतो. काढणारा गेला.

काढणारा म्हणजे हबीबभाई. नांदेडात रिक्षावर भोंगे बांधून पुकारा करायचा आमचा धंदा. मी बालाजी, मूळचा कंधारकडचा. रिक्षा मी चालवायचो आणि माइक त्याच्या हातात. सभा, उरूस, हरवलेलं पोर, नळाला पाणी कधी येणार, सगळं गावाला त्याच्या तोंडून कळायचं. त्याचं घर नदीकाठी, घाटाखालच्या गल्लीत. तो गेल्यावर तिथं त्याची बायको शकीलाभाभी एकटीच राहिली. लेक उदगीरला दिलेली. मागचं पुरं वर्ष दुकानावर येणारा जो तो एकच विचारायचा, भाभीचं घर राहतं का जातं? तेच सांगायला बसलोय. पण क्रमानं सांगू द्या, मधी बोलू नका.

*

घरात हबीबभाई अर्धी दखनी, अर्धी आमची मराठी. पण माइकचं बटण दाबलं की अशी शुद्ध मराठी निघायची की शाळेतल्या बाईंनी खडू खाली ठेवून ऐकावं.

एकदा पुण्याहून कुण्या उमेदवाराचा माणूस आला. त्यानं फोनवर नमुना ऐकला होता. हबीबभाई लुंगीवर बसून चुरमुऱ्यांचा सुशीला खात होता. त्या माणसानं दुकानात इकडंतिकडं बघितलं. "ते आवाजवाले गुरुजी कुठे आहेत? माझं बोलणं झालंय."

हबीबभाईनं हात पुसले. "आवाज आत ठेवलाय, साहेब. बसा, काढून देतो."

*

निवडणुकीत सकाळी एका पक्षाचा पुकारा, दुपारी दुसऱ्याचा. झेंडा तेवढा बदलायचा, रिक्षा तीच, माणूस तोच. एक मावशी भांडी घासता घासता उठली आणि रिक्षाला आडवी झाली. "सकाळी त्याला मत द्या म्हणलास, आता ह्याला द्या म्हणून राहिलास. तुला काही लाज हाय का न्हाई?"

"आवाज भाड्यानं हाय, मावशी. मत न्हाई."

हे बोलताना माइक चालूच राहिला होता. सगळी गल्ली हसली. मागच्या जीपमधल्या कार्यकर्त्यांना काही ते आवडलं न्हाई, आमचा संध्याकाळचा फेरा कटला. तेव्हा फेऱ्यावर भागलं. आज बोलला असता तर कुणीतरी मोबाइलवर काढून ठाण्यात नेऊन दाखवलं असतं, भावना दुखावल्या म्हणून. आता भावना लई नाजूक झाल्यात. रस्ते, नळ, शाळा कशाही असल्या तरी चालतात, भावना तेवढ्या जपायच्या.

*

एका उन्हाळ्यात लातूरला काम लागलं. 'पाणी जपून वापरा' असं सांगत फिरायचं. नळ कोरडे होते, पण काम ते काम.

एका वस्तीत शिरलो तर बाया घागरी घेऊन पळत आल्या. त्यांच्या गल्लीत गाडीचा आवाज म्हणजे टँकर, दुसरं काही येतच नव्हतं. एक म्हातारी कळशी घेऊन सगळ्यांच्या पुढं. तिनं वाकून रिक्षात बघितलं. बॅटरी दिसली, मशीन दिसलं. मग हबीबभाईकडं बघून म्हणली, "नुसता आवाजच आणलास का रे बाबा?"

आमच्या प्यायच्या पाण्याचा जार त्यानं तिच्या कळशीत रिकामा केला आणि चल म्हणून माझ्या पाठीवर थाप मारली. वस्तीच्या बाहेर पडेपर्यंत माइक बंद. ज्यांच्याकडं वापरायलाच न्हाई त्यांना जपून वापरा सांगायचं, हे ज्यानं ठरवलं त्याला एकदा आमच्या रिक्षात बसवायला पाहिजे होतं, असं मला अजून वाटतं.

*

लातूरच्याच रस्त्यावर पुढं एकदा वृक्षारोपण होतं. रस्ता रुंद करायचा म्हणून दोन्ही बाजूची जुनी झाडं गेली होती. एक वड तेवढा उभा, त्याच्याही खोडावर पांढऱ्या रंगानं नंबर टाकलेला. पाहुण्यांना उशीर झाला. मंडप तापला आणि सगळी पब्लिक उठून त्या वडाखाली जाऊन बसली.

आयोजक घामाघूम. हबीबभाईला म्हणले, बोलवा त्यांना. त्यानं माइक घेतला. "वडाखाली बसलेल्या सर्व वृक्षप्रेमी बंधू-भगिनींना विनंती, की त्यांनी झाड लावण्यासाठी कृपया झाडाखालून उठून यावे."

कुणी हललं न्हाई. पटका बांधलेला एक माणूस बसल्या जागेवरून ओरडला, "हे लावलेलं हायच की. हेच राहू द्या."

पुढच्या खेपेला तिथून गेलो तर वड नव्हता. हबीबभाई म्हणला, गाडी हळू घे. मी हळू घेतली.

*

आता पुराचा. वरच्या धरणाचे दरवाजे उघडले आणि गोदावरी घाटाच्या पायऱ्या चढायला लागली. आम्ही घाटाखालच्या गल्लीत रिक्षा घातली. सगळी घरं निघाली, एक सोडून. शकीलाभाभी म्हणली, कुकर लावलाय, तीन शिट्ट्या होऊ द्या.

हबीबभाईनं रिक्षा स्वतःच्या दारात उभी करायला लावली, भोंग्याचं तोंड आत फिरवलं आणि शुद्ध मराठीत सुरू झाला. "घाटाखालच्या नागरिकांना कळविण्यात येते की..." आणि शेवटी हळूच, "शकीला, तू बी नागरिक हाय."

ती गरम कुकर छातीशी धरून, नवऱ्याला शिव्या घालत बाहेर आली. पाणी घरात फळीपर्यंत चढलं. माणूस एकही गेलं न्हाई. पाणी उतरल्यावर सगळे परत आले, चिखल काढला, चुली पेटवल्या.

पुढच्या पावसाळ्याआधी ऑफिसनं ती सूचना रेकॉर्ड करून घेतली, कायम कामाला येईल म्हणून. कोणतं ऑफिस ते विचारू नका, मला ह्याच गावात रिक्षा चालवायची हाय. हबीबभाईनं लिहून दिलेलं वाचलं आणि शेवटी एक वाक्य पदरचं घातलं: घाबरू नये, पाणी ओसरताच सर्वांना आपापल्या घरी परत आणले जाईल.

साहेब म्हणले, "हे शेवटचं आम्ही दिलं नव्हतं."

"ते म्हणल्याबिगर कुणी घर सोडत न्हाई, साहेब."

साहेबांनी राहू दिलं.

*

मग नदीचं भलं करायचं ठरलं. काठावर फिरायला रस्ता, बाकडी, दिवे. त्यासाठी पूररेषा आखली. निळी रेषा म्हणतात तिला, तिच्या आत घर नको. मी म्हणतो, बरोबर हाय. पाणी येतं, आम्ही डोळ्यानं बघितलंय. पण ती रेषा घाटाखालच्या गल्लीवरून सरळ आली आणि पुढं एका बड्या माणसाच्या लॉनपाशी वळली. लॉनवर लग्नं लागतात. पाण्याला काय ठाऊक लग्न कुणाचं ते. नदी वाचवायला निघालेले लोक नदीला एवढे घाबरतात आणि लॉनवाल्याला त्याच्यापेक्षा जास्त, हे बघून मला संताप येतो. येतो तर येतो, बोलून मोकळा होतो.

गल्लीनं संध्याकाळची सभा ठेवली. सकाळी हबीबभाईनं तिचा पुकारा केला. दुपारी ठाण्यातून निरोप आला, गावात जमावबंदी लागू झाली, तिचा पुकारा करा. तोही त्यानंच केला: पाच किंवा पाचपेक्षा जास्त लोकांनी एकत्र जमू नये.

संध्याकाळी पोलिसांची गाडी गल्लीत आली तर प्रत्येक दारात चार-चार माणसं बसलेली. मधी जागा सोडून, गुपचूप. हबीबभाईच्या ओट्यावर तो, भाभी, मी आणि शेजारचा गंगाधर.

"ही काय सभा चालू हाय का?" फौजदार म्हणले.

"न्हाई साहेब," गंगाधर म्हणला, "चार-चारच हाय. दुपारीच तुमच्या माणसानं सांगितलं." आणि हबीबभाईकडं बोट दाखवलं.

फौजदारांनाही हसू आलं, पण त्यांनी सगळ्यांना आत पाठवलं. बोलायचं होतं ते कुणाचंच बोलून झालं न्हाई.

*

त्यानंतर हबीबभाईचा घसा बसला. खोकला असेल म्हणून आम्ही आल्याचा चहा पाजत राहिलो. लातूरच्या डॉक्टरांनी नळी घालून बघितलं आणि म्हणले, बोलणं बंद. त्यानं बंद केलं. दुकानात यायचा, बसायचा, माइकवर बोटानं टिचकी मारायचा. एक टिचकी म्हणजे हो, दोन म्हणजे न्हाई. मी एकदा विचारलं, घराचं काय होईल वाटतं? त्यानं टिचकीच मारली न्हाई.

तो गेला त्या दिवशी त्याच्या मयतीचा पुकारा मलाच करावा लागला. सगळा जन्म मी त्या रिक्षात बसून ऐकलं, पण माझा पुकारा कुणाला धड कळेना. कसाबसा फिरलो. इतवाऱ्याच्या बाजारात एका पानवाल्यानं रिक्षा थांबवली. "आज हबीबभाई का न्हाई आला पुकाराला?"

मी त्याच्या दुकानाच्या पायरीवर बसून रडलो. त्याला उशिरा कळलं.

*

पण आवाज राहिला. कचऱ्याच्या घंटागाडीवर त्याचीच टेप होती, ओला कचरा वेगळा द्या, सुका कचरा वेगळा द्या. रोज सकाळी गाडी घाटाखाली यायची. भाभी आधी ओला घेऊन यायची, मग म्हणायची थांब, आणि सुका आणायला आत जायची. गाडी उभी, टेप चालू.

एक दिवस ड्रायव्हर वैतागून मला म्हणला, "त्या मावशी एकट्याच राहतात म्हणे. एवढा कचरा कुठून काढतात?"

मी त्याला सांगितलं, तो आवाज तिच्या मालकाचा हाय. दुसऱ्या दिवसापासून तो तिच्या दारात गाडी बंद करून बिडी ओढायला लागला. टेप तेवढी चालू ठेवायचा. असेही लोक आहेत.

*

नोटिसा आल्या, मुदती झाल्या. वकील म्हणला, बघू. लेक उदगीरहून येऊन रडून गेली. गल्लीतली बाकीची घरं एकएक करून रिकामी झाली. गंगाधरसुद्धा गेला, जाताना भाभीच्या पाया पडला. ऑफिसचा जो कुणी यायचा त्याला भाभी एकच विचारायची. "पानी कां है? पानी आया तो जाती मैं."

ज्या सकाळी घर पाडायचं मशीन आलं त्या सकाळी नदीत गुडघाभरसुद्धा पाणी नव्हतं. भाभी उंबऱ्यावर बसलेली. साहेबांनी समजावलं. लेडीज कॉन्स्टेबलनं हाताला धरलं, भाभीनं हात सोडवून घेतला. मी म्हणलं, भाभी, माझ्या घरी चला. ती उंबऱ्याला धरून बसली.

मशीनच्या मागं ऑफिसची पुकाऱ्याची गाडी होती. त्यातल्या माणसाला साहेब म्हणले, लाव काहीतरी सूचना, म्हणजे कायदेशीर होऊन जाईल. त्यानं पेन ड्राइव्ह लावला, दोन-तीन गाणी पुढं ढकलली, आणि भोंगा बोलायला लागला.

"घाटाखालच्या नागरिकांना कळविण्यात येते की, नदीचे पाणी वाढत आहे. कृपया आपापली घरे ताबडतोब रिकामी करावीत..."

भाभी उठली. डोक्यावरून पदर घेतला आणि आत गेली. बाहेर आली तेव्हा छातीशी कुकर धरलेला.

कॉन्स्टेबल म्हणली, "बरं झालं मावशी, ऐकलंत."

"उनो बोलरे ना," भाभी म्हणली. "उनकी बात कैसी टालूं?"

भोंगा चालूच होता. "घाबरू नये. पाणी ओसरताच सर्वांना आपापल्या घरी परत आणले जाईल."

भाभीनं कुकर खाली ठेवला. मशीनवाला इंजिन चालू करून बसला होता. ती माघारी वळली, दार ओढून घेतलं, कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं आणि किल्ली पदराच्या गाठीत बांधली.